आभाळ कुणाचं घर न्हाई

३ नोव्हेंबर, सोमवार. भालकी

सकाळीच शैलाचा फोन, बंगळूरहून. मी दुकानात एकटा. बी-बियाण्याचं दुकान आता मुलगा दत्ता बघतो. मी गल्ल्यामागे बसतो आणि पोत्यांना शाळेतल्या कविता ऐकवतो.

"अण्णा, आई जवळ हाय का?"

न्हाई म्हटलं. मग आवाज एकदम खाली. "विमानात तुम्हा दोघांचा नाष्टा मी इथूनच सांगून ठिवलाय. पैसे भरलेत. आईला सांगू नका."

म्हटलं, बाई, कळलं तर?

"कळू द्या. ते काय माझं घर हाय का? आभाळ हाय. आभाळ कुणाचं घर न्हाई."

दिवसभर हेच वाक्य डोक्यात. दोन गिऱ्हाइकांना सोयाबीनच्या जागी हरभरा दिला.

लग्नाला बारा वर्षं झाली पोरीच्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापानं जेवायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांतच. पण आता लोक पळवाट काढतात. लेकीच्या हातावर काहीतरी टेकवायचं आणि पाटावर बसायचं. सौ. तसली नाही. गाणगापूरला दत्तमहाराजांच्या पायाशी बोलून आलीय : शैलाच्या घरचा पहिला घास बारशाचा. तेव्हापासून तिथं चहासुद्धा नाही. ती नाही म्हणून मीही नाही.

आणि आता येत्या सोमवारी शैलाची पिशवी काढणार. दुसरा इलाज नाही म्हणतात. सौ. "गाठीचं ऑपरेशन" म्हणते. पिशवी हा शब्द तोंडातून काढत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

बांधाबांध. ज्वारीचं पीठ, बेसन, तांदूळ, तूरडाळ, तूप, गूळ, शेंगाची चटणी, मीठ, आमच्यापुरती भांडीसुद्धा. दहा दिवस लेकीकडे राहायचं आणि आपलंच खायचं.

म्हटलं, पाण्याचं काय करणार?

"पाणी सरकारचं असतंय."

"आन् ग्यास?"

"ग्यासचं मी बघते. तुमी तुमच्या कविता बघा."

सून हसू दाबत आत पळाली.

विमानातल्या नाष्ट्याचं बोललो नाही. दोनदा ओठांवर आलं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. बंगळूर. जेवणानंतर

अंग दमलंय. तरी आजच लिहून काढतो.

दत्तानं सकाळी बिदरला विमानतळावर सोडलं. मी उतारवयात दुसऱ्यांदा विमानात बसणार, सौ. पहिल्यांदाच. आजवर रेल्वेनं जायचो. शैलाला उठबस होत नाही, तेव्हा यंदा विमान. तिकिटं माझ्या पैशाची, हे सौ.नं दोनदा विचारून घेतलं.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, हातात एकेकच पिशवी ठेवा. माझ्याकडे दोन होत्या. एक औषधांची, एक निळी, धपाट्यांची. निळीतच गूळ आणि खडीसाखरेची पुडी. मी निळी रबरी पट्ट्यावर ठेवली. डुलत डुलत गेली पडद्यामागे. सौ. तेव्हा लांब खुर्चीवर बसली होती.

मुद्दाम ठेवली का? नीट सांगता येत नाही. भूक लागली तर शैलाचं खाईल, असं कुठंतरी मनात होतं खरं.

सौ.ला साखरेचा आजार. सकाळची सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडलंच पाहिजे. विमानाकडे सोडायला लागले तशी ती आडोशाला जाऊन सुई घेऊन आली. आत बसल्यावर धपाटे खाऊ, हा तिचा हिशोब. मला सांगितलंही नाही. सांगायचं कशाला, डबा माझ्या हातात आहे अशीच तिची समजूत.

पंख्याचं लहान विमान. दोन इकडे, दोन तिकडे. मी खिडकीशी, सौ. वाटेच्या कडेला. पट्टा बांधून झाल्यावर म्हणाली, "डबा काढा. सुई घिऊन आले मी."

"डबा... खाली गेला."

"खाली कुठं?"

"इमानाच्या पोटात."

तिनं पायाखाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

विमान उठलं. वर गेल्यावर खाण्याचा गाडा यायच्या आधी एक पोरगी दोन खोकी घेऊन सरळ आमच्याच रांगेशी आली. सँडविच आणि ज्यूस. एक सौ.च्या मांडीवर, एक माझ्या.

सौ. म्हणाली, "आमी मागितलं न्हाई." मग तेच कन्नडात. तिचं कन्नड माझ्याहून चांगलं.

पोरगी हसून म्हणाली, "पे आगिदे अम्मा." पैसे भरलेत.

"यारू?" कुणी?

ते पोरीला ठाऊक नव्हतं. खुर्चीचा नंबर तेवढा दाखवला आणि पुढं गेली.

सौ. माझ्याकडं वळली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर नुसता पांढरा ढग.

"शैलानं?"

मी ढगच बघत राहिलो.

"तुमाला म्हाईत होतं."

मी पट्टा उगाच ओढून सारखा केला.

"म्हणून डबा खाली धाडला."

मी माझं खोकं पुढच्या जाळीत सरकवलं.

पोरगी गाडा घेऊन परत आली तशी सौ.नं कनवटीची नोट काढून पुढं केली. "ह्याचे पैसे घे बाई. घे, मग खाते." पोरगी गोंधळली. एकदा भरलेले पैसे परत कसे घेणार? आणि इथं नोटा चालतच नाहीत, कार्डच लागतं.

मी म्हटलं, मग दुसरं विकत द्या, हे राहू द्या. तिनं यंत्र पुढं केलं. कार्ड दत्ताच्या खिशात, भालकीत.

तेवढ्यात विमान हादरायला लागलं. पट्ट्याचा दिवा लागला. पोरगी गाडा ओढत मागं गेली.

सौ.च्या कपाळावर घाम. हात धरून बघितला, गार. खोकं मात्र दोन्ही हातांनी धरलेलं, दुसऱ्याचं लेकरू धरावं तसं.

"खा."

"न्हाई."

"अगं, सुई घेतलीस तू."

"म्हाईत हाय मला."

"आभाळ हाय हे. आभाळ कुणाचं घर न्हाई."

एवढ्या हालतीत म्हणते कशी, "हे तुमचं न्हाई. तुमचं असतं तर यमक असतं."

मग ओठ हलायचे थांबले. मी पोरीला बोलावायचं बटण शोधतोय तर सौ.नं मनगट धरलं. "तमाशा करू नका." धरण्यात जोर नव्हता. मला का कोण जाणे, चौथीच्या पुस्तकातली ढगांची कविता आठवायला लागली. तिसऱ्या कडव्याशी येऊन अडकलो. बायको घामानं भिजलीय आणि मी कडवं शोधतोय.

वाटेपलीकडे एक बाई. बुरखा, चष्मा, साधारण साठीच्या. मैलूरच्या, बिदरमधल्या. लेकाकडे निघालेल्या. त्यांनी गाड्यावरनं तसंच एक खोकं कार्डावर घेतलं होतं, अजून उघडलं नव्हतं. मघापासून बघत असाव्यात.

"क्या हुआ जी अम्माकू? चेहरा उतर गया."

मी त्यांना आपा म्हणून जमेल तशा दखनीत सांगितलं. शक्कर, सुई, बेटी, रस्म. सगळं एका दमात.

"हौ," म्हणाल्या. "हमारे में भी थे ऐसे बुड्ढे लोगां." आणि पट्टा सैल करून हात लांबवला. सौ.च्या मांडीवरचं खोकं उचललं, स्वतःचं तिथं ठेवलं. "तुमारा मेरेकू, मेरा तुमकू. आलू का है, गोश्त-अंडा कुछ नै. खाओ. नक्को बोले तो मैं गुस्सा होती."

सौ.नं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि ज्यूसला नळी लावली. एका दमात संपवला. मग सँडविच. तुकडा न टाकता.

आपाही शैलाचं खोकं उघडून खात होत्या. "बेटी अच्छा मंगाई," म्हणाल्या. दोन्ही खोक्यांत एकच सँडविच होतं. सौ. खाता खाता त्या खोक्याकडं बघत होती. ते रिकामं होऊन आपांनी झाकण लावलं, तोपर्यंत बघत होती.

खाली उतरेपर्यंत हाताला ऊब आली. माझं खोकं तसंच राहिलं, खुर्चीपुढच्या जाळीत. उतरताना आपा सौ.ला म्हणाल्या, "बेटीकू मेरा सलाम बोलो."

८ नोव्हेंबर, शनिवार

माझी जीभ झडो.

सकाळी जावईबापूंनी सहज विचारलं, विमान कसं वाटलं अण्णा? सुटलोच मी. ढग, हादरे, घाम, आपा, खोक्यांची अदलाबदल, सगळं रंगवून सांगितलं. आपांच्या आवाजात "गुस्सा होती" सुद्धा. जावईबापू हसले. मला हुरूप आला.

शैला हसली नाही. भिंतीला टेकून उभी होती. तोंड बारीक झालंय पोरीचं.

"म्हंजे आपाचं चाललं," म्हणाली.

आता कळलं मी काय करून बसलो ते.

"कुणाची कोण बाई. नाव न्हाई, गाव न्हाई. तिचं चाललं. चक्कर यायची पाळी आली, तरी माझं न्हाई चाललं."

स्वयंपाकघरातनं सौ. "शैला, तसं न्हाई ग."

"मग कसं?"

सौ. आपल्या पिठल्याकडं वळली. शैला आत जाऊन पडली. जावईबापू उगाच वर्तमानपत्राची घडी घालत बसले.

सलाम सांगायचा राहिलाच.

९ नोव्हेंबर, रविवार

घरात चार माणसं. आमचं ताट वेगळं, त्यांचं वेगळं. भांडी मात्र एकाच मोरीत.

दुपारी शैला झोपली. सौ. गॅलरीत कपडे वाळत घालत होती. धीर करून विचारलं, कामून खाल्लं न्हाईस? जीव गेला असता म्हंजे?

चिमटे लावत राहिली. मग माझ्याकडं न बघता,

"मी खाल्लं असतं तर मीच म्हणल्यासारखं झालं असतं."

"काय?"

"की आता काई व्हायचं न्हाई तिला. सगळे म्हणायलेत. डाक्टर म्हणायलेत, तिची सासू म्हणायलीय, ती सोता म्हणायलीय. आईनं पण म्हणायचं का?"

बादलीतला शेवटचा कपडा मीच काढून दिला. बारा वर्षं मी समजत होतो की हिचा हट्ट आहे.

शैलाला सांगावं? की हे सौ.नंच... उद्या सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचंय.

नाही सांगितलं. खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार. दवाखाना

आत न्यायच्या आधी शैलानं आईकडं बघितलं. हिरवा अंगरखा, केसांवर टोपी, लहानपणी लस टोचायला नेलं होतं तेव्हासारखी दिसली.

"आई, जेवलीस का?"

"व्हय."

"कुठलं?"

"माझं."

"बरं," म्हणाली. ढकलगाडी वळली.

बाकावर बसून. जावईबापू इकडून तिकडे. सौ. जपमाळ घेऊन, पण मणी सरकत नव्हते. मला आत्ता तिसरं कडवं सगळंच्या सगळं आठवलं. कुणाला सांगू?

दुपारी डॉक्टर बाहेर आले. ठीक आहे म्हणाले. सगळ्यांच्या आधी सौ. उठली.

"पिशवी काढली का?"

काढली, म्हणाले.

ती परत बसली. माळ पर्समध्ये ठेवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल घरी आणलं. सौ. दिवसभर शैलासाठी करतेय. ज्वारीची पेज, लसणाची फोडणी, मऊ भात. सगळं आमच्या पोत्यातलं. चवीलासुद्धा स्वतः घेत नाही, मीठ बघायला मला बोलावते. म्हटलं, पीठ आपलं, तूप आपलं, चव घ्यायला काय झालं? तर म्हणे, भांडं तिचं हाय.

शैला पेज पिता पिता म्हणाली, "तुझं मी खायचं. हे बरं चालतंय."

चेष्टेत म्हणाली का रागानं, कळलं नाही. सौ.लाही कळलं नसावं. वाटी घेतली, तोंड पुसलं, वेणी घातली. शैलानं डोळे मिटलेले. मला वाटलं, आता सांगेल सौ. गॅलरीतलं.

नाही सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. भालकी

परत आलो. जावईबापूंची आई आलीय आता तिथं सांभाळायला.

निघताना सौ.नं उरलेल्या पिठाचे धपाटे केले. पोतं झटकून घडी केली. पायरीवर शैलानं मला बाजूला घेतलं. पोटाला हात धरून चालते अजून.

"ह्या येळी मी काई सांगून ठिवलं न्हाई अण्णा. डबा हातात धरा. खाली धाडू नका. आईच्या जिवाशी खेळ नको."

"तू सांगितलं असतंस तर..."

"न्हाई. पुरे झालं."

गॅलरीतलं बोलणं माझ्या तोंडाशी आलं. तेवढ्यात खालून गाडीचा भोंगा.

विमानात डबा माझ्या मांडीवर, दोन्ही हातांत. सुई बसल्यावरच घ्यायला लावली. ढग थोडे. तीच नाही, दुसरी पोरगी. खोकी घेऊन निघाली. पुढच्या रांगेत एक दिलं. पलीकडे एक. मग आमच्या रांगेशी आली, नंबर बघितला आणि मागं गेली.

सौ.नं मान वळवून बघितलं. पार शेवटच्या रांगेपर्यंत.

"आपलं न्हाई का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"आपल्या नावाचं न्हाई का काई?"

"न्हाई. तिनं न्हाई सांगितलं ह्या येळी."

"कामून?"

मी नुसतं बघितलं तिच्याकडं.

"असं," म्हणाली.

डबा उघडून दिला. धपाट्याचा एक घास घेतला, चावत राहिली, गिळायला उशीर. सुई घेतलेली, आणि ही घास फिरवतेय. "खा की ग." "खाते की. घाई काय?" एक धपाटा कसाबसा संपवला. बाकीचे झाकून ठेवले. पोरगी रिकामी खोकी गोळा करत परत गेली, तेव्हाही बघत होती.

बिदरला उतरल्यावर आपा दिसतात का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. पण कशाला दिसतील त्या आज.

२० नोव्हेंबर, गुरुवार

म्हटलं, दत्तमहाराजांचा वार, गाणगापूरला जाऊन यायचं का? दत्ता गाडी काढतो म्हणतोय.

"बघू."

इतक्या वर्षांत गाणगापूरला "बघू" पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात शैलाला डॉक्टरांकडे दाखवायचंय, सासू तोवर परत जाणार. म्हणजे आम्हाला परत जायचंय. दत्तानं तिकिटाचं विचारलं. सौ. परातीत ज्वारी निवडत होती. वर न बघता मला,

"ते इमानातलं खाणं आधीच सांगावं लागतंय का? का बसल्यावर सांगितलं तरी चालतंय?"

"दोनी चालतंय. बसल्यावर कार्ड लागतंय."

"आन् आधी कोण सांगतंय?"

"दत्ता सांगंल. न्हाईतर... मागं शैलानं सांगितलं होतं तसं."

दत्ता लगेच म्हणाला, मी करतो की आई, आत्ता करतो, दोन बोटांचं काम. मोबाइल काढलाच त्यानं.

"तू राहू दे," सौ. म्हणाली.

आणि खडे वेचत राहिली. दत्ता माझ्याकडं बघतोय, मी दत्ताकडं. दत्तानं मोबाइल खिशात ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

न राहवून शैलाला फोन लावला. ओसरीवरनंच. सौ. परातीशी, कालचीच ज्वारी. एवढे खडे नसतात आमच्या ज्वारीत.

शैलाला कालचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. "तू राहू दे" पण सांगितलं. विमानातलं "आपलं न्हाई का" पण. गॅलरीतलं मात्र नाही, ते माझं नाही सांगायचं. आपांचा सलाम सांगितला.

मला वाटलं, फोन कट झाला. मग तिच्या घड्याळाचे टोले ऐकू आले.

"अण्णा."

"काय ग?"

"आईला विचारा, काय मागवू."

मी सौ.कडं बघून मोठ्यानं विचारलं, "काय मागवू म्हणतीय."

सौ.चा हात परातीत थांबला. पीठ ह्या वेळी न्यायचं की नाही, तेही अजून ठरलेलं नाही. पोतं धुऊन दोरीवर घातलंय, वाळतंय.

फोन तसाच चालू तिच्या गुडघ्याशी नेऊन ठेवला आणि दुकानात आलो. गिऱ्हाईक उभं होतं. करडईचं बी मागत होतं, तेवढं बरोबर दिलं.

तासाभरानं सूनबाई चहा घेऊन आली. मी विचारलं, आई बोलायलीय का फोनवर?

"फोन कानाला हाय," म्हणाली. "बोलायला कुणी लागलं न्हाई अजून."